दोन्ही गुडघे सारखे

"हिचं खोटं पकडायचंय, मॅडम. तुमच्या मशीनमध्ये दिसेल ना?"

हेरवाडे सरांनी मला हे विचारलं तेव्हा जिचं खोटं पकडायचं होतं ती मुलगी त्यांच्या शेजारीच उभी होती. तेरा वर्षांची, काटकुळी, शाळेच्या निळ्या ट्रॅकसूटमध्ये. कपाळाला भंडारा लावलेला. उजव्या गुडघ्यालाही तोच चोळलेला असावा, कारण विजार त्या जागी पिवळी पडली होती. फॉर्मवर नाव होतं मायाक्का करांडे. ती सरांकडे बघत नव्हती आणि माझ्याकडेही नाही. आमच्या भिंतीवर गुडघ्याचं एक मोठं रंगीत चित्र होतं, त्यातली नावं ती ओठ हलवत वाचत होती.

मी म्हटलं, इथे हाडं आणि गाद्या दिसतात, खरं-खोटं दिसत नाही. सर हसले. त्यांना वाटलं मी गंमत केली.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मिरजेत एका गल्लीत दवाखाने आणि दुसऱ्या गल्लीत तंबोरे. माझे अब्बा तंबोऱ्यांच्या गल्लीत भोपळे कोरत बसायचे आणि मी दवाखान्यांच्या गल्लीत एका एमआरआय सेंटरवर टेक्निशियन होते. नोकरीला सहा वर्षं झाली होती आणि आपल्याला बरंच कळतं असं वाटण्याइतपत अक्कल आली होती. डोकं लवकर तापायचं, ते अजून तापतं.

सरांनी सगळं उभ्या उभ्याच सांगितलं. ही जत तालुक्यातली, मेंढपाळाची मुलगी. आई-बाप सहा महिने मेंढरांमागे फिरतात, म्हणून हिला तासाभरावरच्या निवासी क्रीडाशाळेत ठेवलेली. खो-खोत वाऱ्यासारखी पळते. पण या वर्षी सरांनी तिला पाठलागाला बसवली. चौकोनात उकिडवं बसायचं आणि पाठीवर थाप पडून खो मिळाला की उसळून उठायचं. तेव्हापासून बाईंचा गुडघा दुखतोय. पळताना नाही दुखत, बसून उठतानाच दुखतो. म्हणे आत काहीतरी अडकतं आणि खट्‌कन वाजतं.

"हे कुठलं दुखणं, तुम्हीच सांगा," सर म्हणाले. "हिला बसायचं नाही, नुसतं पळायचंय. दोन महिने झाले, सगळ्या संघाला नाचवलंय. आज कागदावर येऊ दे. काही निघालं नाही, तर उद्या दाखला हातात आणि दाखल्यावर शेरा."

शेरा म्हणजे काय, ते मी विचारलं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीचा एक रकाना असतो. त्यात बहुतेकांच्या 'चांगली' लिहितात. हिच्या त्या रकान्यात 'खोटे बोलून सराव टाळते' असं जाणार होतं. तो कागद घेऊन दुसरं कुठलं वसतिगृह तिला दारात उभं करणार होतं? वसतिगृह नाही तर शाळा नाही, कारण घर मेंढरांबरोबर चालत होतं. हे सरांना माहीत होतं. त्यांनी ते ज्या सहजतेनं सांगितलं त्याचा मला राग आला. पण खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं मला थोडं पटलंही होतं. पळताना न दुखणारा आणि बसताना दुखणारा गुडघा मलाही सोयीचाच वाटला.

आत नेऊन मी तिच्या कानातल्या कुड्या काढल्या, पायातला काळा दोरा तपासला आणि तिला टेबलावर झोपवलं. गुडघ्याभोवती फोटो टिपणारा पिंजरा बसवू लागले तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"मॅडम, हितं हात ठेवा की. म्या पाय सरळ करते. वाजतंय बगा."

बाहेर तीन पेशंट खोळंबले होते. मी म्हटलं, हात ठेवून काय करू, मशीन बघेल सगळं. आता अजिबात हलायचं नाही, हललीस तर फोटो बिघडेल. तिनं मान डोलावली. पुढची वीस मिनिटं मशीन ढोलासारखं बडवत होतं आणि ही मुलगी श्वाससुद्धा जपून घेत होती. मोठी माणसं तिथे घाबरून हातातलं बोलावण्याचं बटण दाबतात. हिनं बोटही हलवलं नाही.

पडद्यावर चित्रं उमटायला लागली. हे मशीन गुडघ्याचे काकडीसारखे पातळ काप करून दाखवतं, एकापुढे एक. गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये आतल्या बाजूला एक आणि बाहेरच्या बाजूला एक अशा दोन गाद्या असतात. हिची बाहेरची गादी मला जाड वाटली. फाटलेली नव्हती, पण नेहमीसारखीही नव्हती. शेकडो गुडघे काढून नजर तयार होते, पण ती नजर कुणाला दाखवायची नसते. आमचे सीनियर पोतदारकाका रोज सांगायचे, आपण फोटोग्राफर, नवरी कशी दिसते ते आपण बोलायचं नाही.

म्हणून मी आडवाटेनं गेले. डॉक्टर माणगावकर घरी बसून कॉम्प्युटरवर फोटो बघून रिपोर्ट द्यायचे. त्यांना फोन लावला आणि म्हटलं, सर, लहान मुलगी आहे, तुलनेला दुसराही गुडघा काढू का? ते म्हणाले, काढ, बरंच होईल. मी स्वतःवर खूश झाले. मला वाटलं, चांगला गुडघा शेजारी ठेवला की वाईट गुडघा आपोआप ओळखू येईल आणि मला तोंड उघडावं लागणार नाही.

चार वाजता रिपोर्ट आला. दोन्ही गुडघे तंतोतंत सारखे. कुठे फाटलेलं नाही, सूज नाही, पाणी नाही. दोन्ही नॉर्मल.

हेरवाडे सरांनी तो दोनदा वाचला आणि पाकीट मांडीवर आपटलं. "झालं. दुधाचं दूध, पाण्याचं पाणी. दुसराही काढलात ते बेस केलंत, मॅडम. आता बोलायला जागाच नाही."

माझी हुशारी त्यांच्या कामी आली होती. मायाक्का बाकावर बसून बूट घालत होती. रडली नाही. लेस बांधून उठताना तिनं बाक घट्ट धरला, मग माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात विचारलं, "मॅडम, मशीनला ऐकू येत न्हाई का?"

मी तिला काय सांगणार? मशीनला ऐकू येत नाही, हेच खरं होतं. मी म्हटलं, जा बाळ, सर थांबलेत.

घरी गेले तरी जिवाला चैन नव्हती. जेवताना अब्बांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, दोन्ही सारखे म्हणजे कुणासारखे? मी म्हटलं, एकमेकांसारखे. त्यावर ते म्हणाले, एकाच वेलाचे दोन्ही भोपळे किडके निघाले तर तेही एकमेकांसारखेच दिसतात. एवढं बोलून ते आमटीकडे वळले आणि माझा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी पोतदारकाकांना म्हटलं, माझा उजवा गुडघा काढा. त्यांनी विचारलं, दुखतोय का? मी म्हटलं, नाही, म्हणूनच काढा. डॉक्टरला कळलं तर दोघांच्या पोटावर पाय येईल, हे त्यांनी मला तीन वेळा ऐकवलं. तिसऱ्यांदा ऐकवताना ते पिंजरा माझ्या गुडघ्यावर बसवत होते.

सहा वर्षं लोकांना मी त्या बोगद्यात सरकवत होते, स्वतः कधी गेले नव्हते. आवाज सगळा अंगावर येतो. नाकावर खाज सुटली आणि मी हलले. काकांना दोनदा फोटो पुन्हा घ्यावे लागले. त्या पोरीनं एकदाही घ्यायला लावले नव्हते, दोन गुडघ्यांची चाळीस मिनिटं.

मग आम्ही माझा गुडघा आणि तिचे दोन असे तीन गुडघे शेजारी लावले. बाहेरची गादी चंद्रकोरीसारखी असते, मधे पोकळ. त्यामुळे कडेचे पहिले दोन काप सोडले की पुढे ती अखंड दिसत नाही, तिची नुसती दोन टोकं उरतात. माझ्यात दोन कापांत अखंड पट्टा दिसला आणि तिसऱ्यात तुटला. मायाक्काच्या उजव्या गुडघ्यात मी मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच कापांत सलग पट्टा. चंद्रकोरीच्या जागी अख्खी भाकरी होती. ती भाकरी दोन हाडांत अडकत होती आणि सुटताना वाजत होती. डाव्यातही पाचच. दोन्ही सारखे होते यात शंका नव्हती. एका खोट्या वजनानं दुसरं खोटं वजन तपासून पाहावं तसं आम्ही केलं होतं, आणि ते दुसरं वजन तागडीत मी टाकलं होतं.

पोतदारकाकांनी ते काप स्वतः पुन्हा मोजले. मग म्हणाले, नवरी कशी आहे ते या वेळी बोलावं लागेल.

डॉक्टर सह्यांना रोज संध्याकाळी यायचे, त्या दिवशी दुपारीच आले, कारण मी फोनवर सांगायला नकार दिला. आल्या आल्या त्यांनी विचारलं, मुमताज, तू डॉक्टर कधी झालीस? मी पडद्याकडे वळले. माझा गुडघा उघडला, तिचे दोन्ही उघडले आणि माउस त्यांच्या हातात दिला. त्यांनी काप पुढे-मागे केले. मान पुढे गेली. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "डिस्कॉइड आहे. गादी जन्मतःच चकतीसारखी. दोन्हीकडे. लहान मुलांत असतं." आणि थोडं थांबून, "केस छान आहे. कॉन्फरन्सला दाखवता येईल."

केस छान आहे! मला संताप आला. मी म्हटलं, सर, ती केस आज दाखला घेऊन घरी चाललीय. ते म्हणाले, मी शाळेत फोन करतो, कालचा रिपोर्ट तू कॉम्प्युटरवरून काढून टाक, नवा त्याच तारखेचा करू, गोंधळ नको. मी म्हटलं, काढणार नाही. तारीख आजची टाका, कालचा रिपोर्ट चुकला असं लिहा आणि सही करा, मी घेऊन जाते. सहा वर्षांत मी त्यांच्याशी असं बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पोतदारकाकांकडे पाहिलं. काका टेबलाची चादर बदलण्यात गुंतले होते, पण बाहेर गेले नाहीत. डॉक्टरांनी सही केली.

तीनची एसटी धरून मी शाळेत पोचले. गेटजवळ एका पत्र्याच्या पेटीवर मायाक्का बसली होती. शेजारी तिचे वडील उभे होते, लाल पटका, खांद्यावर घोंगडी. निरोप मिळाल्यावर सकाळी मेंढरं भावाकडे सोपवून आले होते. हातात घडी केलेला कागद होता. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून तो त्यांनी मला दिला. वर्तणुकीच्या रकान्यात लिहायचं ते लिहून झालं होतं.

हेरवाडे सर मैदानावरून आले. मी नवा रिपोर्ट दिला आणि शांतपणे समजावून सांगायला सुरुवात केली. जन्मापासून गादीचा आकार वेगळा आहे. बसून उठताना ती अडकते आणि वाजते. पळताना त्रास होत नाही कारण पाय तितका वाकत नाही. ऑपरेशननं ते सुधारतं. मुलगी सांगत होती त्यातला शब्दन् शब्द खरा होता. सरांनी कागद वाचला. मला वाटलं, आता हा माणूस ओशाळेल.

"म्हणजे जन्मापासूनच दोष होता," ते म्हणाले. "भरतीच्या फॉर्मवर तर 'कोणताही आजार नाही' लिहिलंय. हे लपवून प्रवेश घेतला म्हणायचा."

कालपर्यंत नसलेलं दुखणं सांगते म्हणून खोटारडी. आज असलेलं दुखणं सांगितलं नाही म्हणून खोटारडी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आवाज चढला, मैदानावरच्या मुली खेळ थांबवून बघायला लागल्या. मी म्हटलं, जे डॉक्टरला काल फोटो बघून कळलं नाही, ते या माणसानं फॉर्मवर कसं लिहायचं होतं? दोन महिने ही तुम्हाला सांगतेय की वाजतंय. तुम्ही एकदा तरी गुडघ्यावर हात ठेवून बघितलंत?

सर माझ्याइतकंच तापले होते, पण त्यांचा आवाज खाली आला. "मी पुरुष माणूस, मॅडम. वयात आलेल्या मुलीच्या पायाला हात लावू? उद्या त्याचा वेगळा बोभाटा झाला असता. तुम्ही तर बाई आहात. तुमच्या टेबलावर तासभर होती ती. तुम्ही ठेवलात?"

'हितं हात ठेवा की' हे तिचं वाक्य सरांनी ऐकलेलं नव्हतं. मी ऐकलं होतं.

वडिलांना आमचं निम्मं भांडण कळलं नसावं, पण गुडघा कळला. घोंगडी पेटीवर टाकून ते मुलीपुढे मातीत बसले. विजारीवरूनच गुडघ्यावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "कर बाळ सरळ." तिनं पाय वाकवून सरळ केला. खट्‌. चार पावलांवर उभ्या असलेल्या मला तो ऐकू आला, सरांनाही आला. वडिलांनी आणखी एकदा करायला लावलं. पुन्हा तसाच. मग त्यांनी डावाही बघितला, तिथे हलकंसं वाजलं.

ते उठले नाहीत. खालूनच सरांकडे बघून बोलले.

"मेंढरू लंगडलं तर आमी पैला त्येचा पाय हातात घेतो, सर. मेंढराला बोलता येत न्हाई म्हून. हिला तर बोलता येतंय."

सरांनी दाखला फाडला नाही, माफी मागितली नाही. माझ्या हातातून घेतला आणि ऑफिसात गेले. पंधरा मिनिटांनी शिपाई आला. त्यानं सांगितलं, दाखला रद्द झालाय, पेटी खोलीवर न्या. ऑपरेशन होईपर्यंत पोरीला पाठलागाला बसवायचं नाही, असं सरांनी सांगितलंय. सर स्वतः बाहेर आले नाहीत. त्याचाही मला राग आला, पण काम झालं होतं.

वडिलांनी पेटी डोक्यावर घेतली. मायाक्का माझ्याबरोबर गेटपर्यंत आली. मी तेव्हा आतून फुलले होते. डॉक्टरला नमवलं, मास्तरला नमवलं, एका पोरीची शाळा वाचवली. एसटी दिसायला लागली तेव्हा मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, बघ, सगळ्यांनी तुला खोटं ठरवलं, पण मी तुझ्यावर विश्वास ठेवला की नाही?

तिनं थोडा विचार केला. उद्धटपणा नव्हता, गणिताचं उत्तर चुकलं तर सांगावं तसं म्हणाली, "न्हाई मॅडम. तुमी फोटूवर ठेवला."

एसटी आली आणि मला चढावं लागलं. खिडकीतून पाहिलं तर ती हात हलवत होती. सांगलीच्या सरकारी दवाखान्यात तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पुढे ती खेळली, आता एका शाळेवर खेळ शिकवते. दिवाळीला तिचा फोन येतो. ते वाक्य तिला आठवत नाही म्हणते. मला आठवतं.

पोतदारकाका निवृत्त झाले, मशीन दोनदा बदललं. नव्या टेक्निशियन मुलींना माझी एक सवय वेळखाऊ वाटते. गुडघ्याचा पेशंट टेबलावर आला की पिंजरा बसवण्याआधी मी तळहात ठेवते आणि पाय सरळ करायला सांगते. बाहेर कितीही खोळंबले असोत. 'हलू नका' ते त्यानंतर म्हणते.